मोडेन पण ठेव मोडणार नाही

आमच्या घरात एक मुदत ठेव आहे. दोन लाखांची. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून ती माझ्या नावावर केली आणि तेव्हापासून घरातलं तिचं स्थान देवघर आणि भरलेला गॅस सिलिंडर यांच्या मध्ये कुठेतरी आहे. पावती लोखंडी कपाटात, सराफाच्या लाल पिशवीत, आईच्या पाटल्यांखाली. लग्न होऊन बायको घरात आली, त्या आठवड्यात आईने तिला आधी कुलदेवतेचा टाक दाखवला आणि मग ही पावती. "ही मोडायची नाही," आई म्हणाली. टाकाबद्दल अशी काही अट घातल्याचं बायकोला आठवत नाही.

बाबांचा दिवस व्याजदराने उजाडतो. शेजारच्या काकांना एका दुसऱ्या बँकेत पाव टक्का जास्त मिळतो हे कळल्यावर बाबा आठवडाभर नीट जेवले नाहीत. शेवटी एका दुपारी भर उन्हात रिक्षा करून ते त्या बँकेत चौकशी करून आले. पाव टक्क्याने वर्षाला पाचशे रुपये जास्त मिळणार होते; रिक्षा, उसाचा रस आणि संध्याकाळी डॉक्टर मिळून सातशे गेले. "पण माहिती तर मिळाली!" बाबा म्हणाले. आमच्याकडे माहितीला फार मान आहे.

तर या ठेवीवर वर्षाला ७ टक्के मिळतात. आणि त्याच कपाटाच्या मुठीला अडकवलेल्या माझ्या पँटच्या खिशात एक क्रेडिट कार्ड होतं, ज्याच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के लागत होते. साडेतीन! आकडा दिसायला किती गरीब. सातापुढे तर निम्माच. बँकांची एक रीत आहे: आपल्याला द्यायचं व्याज त्या वर्षाचं सांगतात आणि आपल्याकडून घ्यायचं ते महिन्याचं. साडेतीन बारा वेळा घेतले की ४२ होतात, त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. मी एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. दुसऱ्याच्या व्हाउचरमध्ये नऊ रुपयांचा फरक निघाला तरी मी ते लाल शेरा मारून परत पाठवतो. तेव्हा हा गुणाकार मला येत नव्हता असं नाही. करायला सवड होत नव्हती.

कार्ड मी मागायला गेलो नव्हतो. मे महिन्यात ठाण्याच्या एका मॉलमध्ये आम्ही सहकुटुंब फुकटचा एसी खायला गेलो होतो. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी टाय लावलेला एक मुलगा उभा. त्याच्या मागे निळ्या ट्रॉली बॅगांचा ढीग.

"सर, लाइफटाइम फ्री!"

"काय?"

"बॅगपण फ्री."

"चाकं फिरतात का ते बघा," बायको म्हणाली.

चाकं फिरत होती. मी सह्या केल्या. डोंबिवलीचा फ्लॅट घेताना खरेदीखतावर केल्या होत्या त्याहून जास्त सह्या. त्या कागदांतलं मी फक्त माझं नाव वाचलं. तेही त्याने चुकीचं लिहिलं होतं. पण एवढ्या उन्हाळ्यात टाय लावून उभा राहिलेला मुलगा, त्याला कशाला दुखवायचं? बॅगेचं एक चाक त्याच संध्याकाळी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर निखळलं आणि पायऱ्या उतरत गर्दीत गेलं. नावातली चूक मात्र टिकाऊ निघाली.

कार्डांची जन्मकथा मोठी बोलकी आहे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला. फ्रँक मॅकनामारा नावाचे गृहस्थ हॉटेलात जेवले, बिल आल्यावर पाकीट विसरल्याचं लक्षात आलं आणि त्या फजितीतून त्यांना कार्डाची कल्पना सुचली, असं सांगतात. ही गोष्ट जाहिरातीसाठी रचलेली होती असंही म्हणतात. मला ती खरी वाटते. आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ वर्षानुवर्षं नेमकं बिल आल्यावरच पाकीट विसरतात. त्यांनी कंपनी काढली नाही, इतकंच. तरी डायनर्स क्लब सरळ होता, महिन्याचे सगळे पैसे मागून घ्यायचा. 'आत्ता थोडे द्या, बाकीचे सावकाश, व्याजाचं तेवढं आम्ही बघतो' हा गोडवा आणला बँक ऑफ अमेरिकाने, १९५८ साली. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो या गावी त्यांनी ६० हजार कार्डं लोकांना न मागता टपालाने घरपोच केली. ट्रॉली बॅगही दिली नाही. आपल्याकडे न मागता कार्ड पाठवायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. त्यामुळे ते आपल्याकडून मागवून घ्यायला जिन्याखाली मुलं उभी करावी लागतात.

सुरुवातीला मी कार्डाचा प्रचारक झालो. "अहो, पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी!" मी लोकलमध्ये लोकांना समजावून सांगायचो. "बँकेचे पैसे वापरायचे, आपले बचत खात्यात पडू द्यायचे, वर त्याचं व्याज खायचं." लोक वहीत लिहून घ्यायचे. योजनेत एकच किरकोळ अडचण होती. बचत खात्यात पडू द्यायला आपले असे पैसे नव्हते.

कार्डाने पैसे दिले की पैसे गेले असं वाटतच नाही. फोन खिशात एकदा थरथरतो, झालं. मी ट्रेडमिल घेतली. तिच्यावर एका वेळी सात शर्ट वाळतात. बिनतेलाचे साबुदाणे वडे करायचं एक यंत्र घेतलं. वडे झाले, पण ते ज्याने त्याने आपापल्या ताटात तेल घेऊन खाल्ले. खरेदी झाली की बँक कळवायची, 'आपली उपलब्ध मर्यादा ७८,००० रुपये.' ते वाचून मला पगारवाढीचा आनंद व्हायचा. आणि वर पॉइंट! शंभर रुपयांना दोन पॉइंट, एका पॉइंटचे पंचवीस पैसे. बँकेच्या यादीत चार हजार पॉइंटांना एक टोस्टर होता. म्हणजे दोन लाखांची खरेदी केली की हजाराचा टोस्टर फुकट. आमच्या घरी पाव फक्त मिसळीबरोबर येतो आणि तो कुणी भाजत नाही. तरी मी त्या टोस्टरच्या मागे लागलो.

मग एके दिवशी बिल भरायचं राहिलं आणि पुढचं बिल पन्नास हजारांचं आलं. म्हणजे पीडीएफ आली. ती उघडायला पासवर्ड हवा: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मतारीख. मी माझं नाव टाकलं. चुकलं. बायकोने माझं नाव टाकलं. चुकलं. माझं नाव बँकेच्या मते काय आहे हे आठवायला मला मॉलमधल्या त्या मुलापर्यंत मनाने मागे जावं लागलं.

पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली, कर्जाचे रोखे आणि वह्या बाहेर काढल्या आणि सरळ पेटवून दिल्या. दख्खनचे दंगे म्हणतात ते हे. त्या माणसांना निदान वही हाताला लागत होती. मी पीडीएफ जाळायची तर आधी उघडायला हवी. आणखी एक जुनी सोय होती, दामदुपटीची. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही, असा हिंदू कायद्यातला नियम; मुंबई इलाख्यातली कोर्टं तो मानत. सावकार कितीही आतल्या गाठीचा असला तरी दुपटीला त्याला थांबावं लागे, निदान कागदावर. माझ्या पीडीएफला बारा पानं होती आणि थांबण्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

पण पहिल्याच पानावर एक दिलासा होता. एकूण देय ५०,०००. आणि खाली, लग्नातला वाढपी 'निदान एक तरी जिलबी घ्या' म्हणतो त्या सुरात: किमान देय २,५००.

"पन्नास हजार आलं?" बायकोने विचारलं.

"हो, पण मागितलेत अडीचच."

"म्हणजे बाकीचे माफ?"

"माफ नाही. पुढच्या महिन्यात बघू म्हणतात."

"बँक म्हणते असं? एवढी चांगली कधीपासून झाली?"

मी अडीच हजार भरले. लगेच मेसेज आला, 'धन्यवाद!' पगारातून दरमहा इतके पैसे जातात, पण मला धन्यवाद म्हणणारं त्या महिन्यात दुसरं कुणी भेटलं नाही. पुढे काही महिने मी हे धन्यवाद नियमित घेत राहिलो. आणि बिल कमी होईना. मी कंपनीत बसून बँकेची चूक शोधू लागलो. चूक सापडली नाही. सापडली असती तर लाल शेरा तयार होता.

हिशेब शेवटी बायकोने केला, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे. "पन्नास हजारांवर साडेतीन टक्के, १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५. झाले २,०६५. तुम्ही भरले २,५००. म्हणजे कर्ज कमी झालं ४३५ रुपयांनी."

"कमी झालं ना पण?"

"असंच पाच-पाच टक्के भरत राहिलात तर निम्मं व्हायला पाच वर्षांच्या वर लागतील. तेही नवीन काही घेतलं नाही तर."

तेवढ्यात बेल वाजली. ट्रेडमिलचं वंगण आलं होतं.

कार्डाच्या व्याजातली खरी गंमत मला त्या वंगणाने शिकवली. बिलातली थोडी जरी बाकी मागे ठेवली, की पन्नास दिवसांचा बिनव्याजी थाट संपतो. पुढची प्रत्येक खरेदी घेतल्या दिवसापासून व्याज खाते. मी भाजीसुद्धा कार्डावर घेत होतो. म्हणजे कोथिंबिरीची जुडी तिसऱ्या दिवशी पिवळी पडून कचऱ्यात जायची आणि तिचं व्याज टवटवीत राहायचं. केवळ किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बँकांना ग्राहकाला द्यावा लागतो. तो माझ्याही बिलावर होता. पण छापील सूचना मनावर घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही. त्याच महिन्यात भाच्याचं लग्न होतं, त्याच्या पत्रिकेवरही 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलंच होतं.

मी मामा. मामाने रिकाम्या हाताने मांडवात उभं राहायचं? मी एटीएममध्ये कार्ड घातलं आणि रोख काढली. रोखीला बिनव्याजी दिवस नसतात, हे मला नंतर कळलं. नोटा बाहेर येतात त्या क्षणी एक शुल्क लागतं आणि व्याजाचं मीटर पडतं. नवरानवरी अजून अंतरपाटाच्या दोन बाजूंना होती, तोवर माझ्या आहेराचा संसार सुरू झाला होता. बहिणीने पाकीट घेतलं, उघडून पाहिलं आणि "कशाला रे इतकं!" म्हणाली. मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं.

कस्टमर केअरला फोन केला. मराठीसाठी पाच दाबायचं होतं. पाच दाबल्यावर हिंदीतून स्वागत झालं.

"व्याज कमी होईल का?"

"सर, आप हमारे मूल्यवान ग्राहक हैं."

"ते कळलंच मला बिलावरून."

मुलगी भली होती. ती म्हणाली, सगळी थकबाकी हप्त्यांत बदलून देते, व्याज ४२ ऐवजी १६ टक्के पडेल, प्रोसेसिंग फी तेवढी ४९९ रुपये. ४९९? कशाबद्दल? आमचेच पैसे आम्ही परत द्यायचे आणि वर फी? मी बाणेदारपणे नकार दिला. दरमहा दोन हजार रुपये व्याज मी निमूट भरत होतो, पण ४९९ हा तत्त्वाचा प्रश्न होता. लोकलमध्ये ही हकिकत सांगितली तेव्हा समोरच्या बाकावरच्या दोघांनी माझं अभिनंदन केलं. त्यांच्याकडेही कार्डं होती.

त्याच रात्री बँकेच्या अ‍ॅपवर फुगे उडाले. 'अभिनंदन! आपण वाढीव मर्यादेस पात्र आहात.' खाली दोन बटणं: 'स्वीकारा' हे हिरवं, रुंद, आणि 'नंतर' हे करड्या रंगाचं, केसाएवढं. ग्राहकाची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय मर्यादा वाढवायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. ती संमती माझ्या अंगठ्याने दिली. माझा अंगठा जाड आहे. पुढे दुसऱ्या एका बँकेचं कार्ड घेऊन पहिल्याची थकबाकी तिकडे फिरवली. त्यांचा दर पहिले काही महिने कमी होता. याची टोपी त्याला घालताना आपण मोठे मुत्सद्दी आहोत असं वाटत राहतं. ते काही महिने संपले तेव्हा दोन टोप्या होत्या आणि दोन्ही माझ्याच डोक्यावर.

"दादाकडे मागा ना," बायको म्हणाली. दादा म्हणजे माझा मेहुणा. पुण्याला असतो, दोन गाड्या. मागितले असते तर त्याने त्याच मिनिटाला दिले असते आणि "असू द्या हो दाजी, सवडीने द्या," असं म्हणाला असता. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. बँक ४२ टक्के घेते, पण दिवाळीला फराळाला घरी येत नाही. मेहुणा येतो. समोर बसतो. चिवडा खाता खाता "बाकी काय दाजी, ठीक ना सगळं?" असं विचारतो. त्या 'ठीक ना'चं व्याज जगातल्या कुठल्याही कार्डाला परवडणार नाही.

मेहुणा आलाच. गच्चीवर मला एकट्याला गाठून, घसा खाकरून म्हणाला, "दाजी, एक विचारायचं होतं. लाखभर रुपये मिळतील का? कार्डाचं जरा..."

मग आम्ही दोघं बराच वेळ गच्चीवर बसलो. त्याच्याकडे चार कार्डं निघाली. त्याचा या विषयातला अभ्यासही माझ्यापेक्षा दांडगा. त्याने सांगितलं, वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ सालीच दिला होता. मी आनंदाने उठून उभा राहिलो. "बसा," तो म्हणाला. "सुप्रीम कोर्टाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला." मी बसलो.

पुढे किमान रक्कमही थकू लागली आणि वसुलीचे फोन सुरू झाले. कर्जवसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आम्हाला फोन करणारा वसुलीचा मुलगा तो इतका काटेकोर पाळायचा, की आठ वाजून एक मिनिटाने फोन वाजला की आई कुकर चढवायची. एक दिवस मी अंघोळीला गेलो होतो आणि फोन आईने उचलला.

"कोण बोलतंय बाळ? चहा झाला का?"

मी दाराला कान लावला.

"बार्शीचा? अरे, माझं माहेर बार्शीचं! कुठे राहता तुम्ही? भगवंताच्या देवळाच्या मागे? अगंबाई!"

पुढची वीस मिनिटं साबण अंगावर वाळत होता आणि आई त्या मुलाच्या आत्याच्या सासरपर्यंत जाऊन आली होती. शेवटी तिने विचारलं, "पण तू रोज कशाला फोन करतोस रे याला?"

मुलगा नियमाचा पक्का. "आजी, ते मला घरच्यांना सांगता येत नाही."

"बरं, नको सांगू. किती आहेत तेवढं सांग."

त्याने तेही सांगितलं नाही. आईला तेवढ्यावरून सगळं कळलं.

संध्याकाळी घराची बैठक भरली. आकडा काढला तो दोन्ही कार्डं मिळून १ लाख ३० हजार. बाबा बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "ट्रेडमिल विका." ट्रेडमिल विकायला काढली. एकजण बघून गेला. त्याने विचारलं, "यावर बेडशीट वाळते का?"

आईने पाटल्या काढून ठेवल्या. बायकोने त्या आईच्या हातात परत घातल्या. मग तिने कॅलेंडरचं आणखी एक पान फाडलं. "बाबा, ठेव वर्षाला किती आणते? चौदा हजार. आणि ही कार्डं वर्षाला किती नेतात? ५४,६०० व्याज, त्यावर ९,८२८ जीएसटी. चौसष्ट हजारांच्या वर. मग ठेव मोडून—"

"मोडायची नाही!" आई आणि बाबा एकदम म्हणाले. आणि काय सांगू, मीही म्हणालो. आतून आलं.

"आणखी एक," बायको म्हणाली, "ठेव कुठल्या बँकेत आहे? आणि पहिलं कार्ड?"

पावती आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवली. वरचं बोधचिन्ह एकच. म्हणजे बँक माझे दोन लाख सात टक्क्यांनी स्वतःकडे ठेवून घेत होती आणि त्यातलेच उचलून मला बेचाळीसने वापरायला देत होती. बाबांनी चष्मा काढून पुसला. "पण बँक तशी जुनी आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बँकेत गेलो. आई पिशवी छातीशी धरून. खिडकीपाशी मी आवाज खाली आणून म्हणालो, "मोडायची आहे." मागच्या रांगेतले दोन आजोबा दचकले.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण?"

"घरगुती."

"मोडताय कशाला? एखादा टक्का व्याज कापलं जाईल. त्यापेक्षा ठेवीवर कर्ज घ्या ना. ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त. नव्वद टक्क्यांपर्यंत मिळतं."

"म्हणजे मोडायची नाही?" बाबांनी विचारलं.

"मोडायची नाही."

बाबांचा चेहरा फुलला. कर्ज त्यांना चालत होतं, पूर्वीपासूनच. मोडणं चालत नव्हतं. आठ टक्क्यांनी १ लाख ३० हजार, अर्ध्या तासात. हे कर्ज ती पावती कपाटात आली त्या दिवसापासून मिळत होतं. आईने मॅडमना विचारून घेतलं, पावती घरी नेता येईल का? नाही, ती बँकेत राहील. तेवढं दुःख तिला झालं, पण लाल पिशवी तिने परत आणली आणि कपाटात होती तिथेच ठेवली. रिकामी. पाहुण्यांना ती अजून लांबून दाखवली जाते.

मी दोन्ही कार्डांचे पैसे एका दमात भरले. दोन वेळा 'धन्यवाद' आलं. पुढच्या महिन्यात पुन्हा बिल आलं, दोन्ही मिळून अडीच हजारांच्या वर. मी फोन उचलला. मराठीसाठी पाच. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज आहे सर, ते पुढच्या बिलात येतं. तेही भरलं. त्याच्या पुढच्या महिन्यात १९ रुपये आले. ते मी पेढे वाटून भरले.

राहिलं कार्ड बंद करणं. काही बाकी नसेल तर अर्ज केल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. त्याहून उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला पाचशे रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. हा नियम मला मेहुण्याने सांगितला आणि माझी झोप उडाली. दिवसाला पाचशे! महिन्याचे पंधरा हजार! ठेव वर्षाला देते त्याहून जास्त. मी अर्ज केला आणि बँकेने विसरावं म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं. बँकेचे फोन आले: सर, का बंद करता, मर्यादा वाढवून देतो, हजार पॉइंट देतो. मी सगळ्यांशी अत्यंत लांबण लावून बोललो. होता होईल तो वेळ घालवला. सहावा दिवस उलटला. सातव्या दिवशी मी ऑफिसात बसून पाचशेने गुणाकार करत होतो. हा गुणाकार मला छान जमत होता. संध्याकाळी पावणेसहाला मेसेज आला: आपलं कार्ड बंद करण्यात आलं आहे. त्या बँकेने माझं एकही काम एवढ्या वेळेवर केलेलं मला आठवत नाही.

तेव्हा तुमच्याही कपाटात एखादी पावती असेल आणि खिशात असं एखादं कार्ड असेल, तर खिडकीवर जाऊन ठेवीवरच्या कर्जाचा दर आजच विचारून या. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि कार्ड बंद करायचा अर्ज देण्याआधी साठलेले पॉइंट वापरून टाका. माझे ३,९४० होते. टोस्टरला साठ कमी पडले म्हणून ठेवले होते, ते कार्डाबरोबर गेले.